पाणी कुठून आलं ते आधी बघा

जुलै उलटला की कोल्हापुरातल्या भाड्याच्या घरांत एक भांडण ठरलेलं असतं. बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात बारीक ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळतात, मग दारामागची भिंत काळी पडते. भाडेकरू सांगतो, "काका, भिंतीला ओल आलीय." काका म्हणतात, "आम्ही इथं पंधरा वर्षं काढली, तवा नव्हतं असलं काय. दार उघडं ठेवत चला की जरा." असं करत दोघंही दिवाळीपर्यंत ताणतात. दिवाळीआधी कुणीतरी डिस्टेंपरचा एक हात मारून घेतो आणि भिंत पांढरी दिसते. पुढच्या जुलैत ठिपके त्याच कोपऱ्यात परत येतात. तोवर जुना भाडेकरू घर सोडून गेलेला असतो आणि रंगाच्या नावाखाली त्याच्या डिपॉझिटमधून पैसे कापून झालेले असतात.

मी कुठल्या बाजूचा ते आधी सांगून टाकतो. राजारामपुरीतल्या आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला आहे, म्हणजे या वादात मी मालकांच्या रांगेतला. तरी माझं म्हणणं मालकांना रुचणारं नाही. बाथरूमला बुरशी धरली तर खर्चाची पहिली पाळी मालकाची, असं मला वाटतं. भाडेकरूची चूक आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्या मालकाने ती दाखवून द्यावी. ती दाखवताना भाडेकरू कसा राहतो याची चौकशी नंतर करावी, पाणी कुठून आलं याची आधी.

बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात. महाद्वार रोडवर असतात तसे मालकाच्या चकचकीत बाथरूममध्येही असतात. त्यांना खायला फार लागत नाही. साबणाचा थर, अंगाचा मळ, धूळ, रंगातले चिकट घटक एवढ्यावर त्यांचं भागतं, आणि बाथरूममध्ये ऊब तर असतेच. यातलं काही आपल्या हातात नाही. हातात असते ती ओल. पृष्ठभाग एक-दोन दिवस सलग ओला राहिला की बुरशी मूळ धरू लागते. तोच रोजच्या रोज वाळत असेल तर तिला सवडच मिळत नाही. म्हणूनच भिंतीत पाणी मुरत असेल तोवर ब्लीच, फिनेल, बुरशीरोधक रंग असलं सगळं महिन्या-दोन महिन्यांची मलमपट्टी ठरतं. (जाता जाता एक सांगायलाच हवं. टाइल्स घासायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. बुरशी घासायला बसलेली माणसं नेमकं हेच करतात.)

आता हे पाणी येतं कुठून? भिंतीत गाडलेला पाइप झिरपत असतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा भाग) गळत असतो किंवा तिथलं वॉटरप्रूफिंग संपलेलं असतं. बाहेरच्या भिंतीला तडे गेलेले असतात आणि पावसाची झोड त्या बाजूने येते. जुन्या घरात जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते. या चारही वाटा घराच्या बांधणीतल्या आहेत. भाडेकरूने चोवीस तास दार उघडं ठेवलं तरी त्यातली एकही बंद होत नाही, आणि त्याने कोंडून घेतलं तरी नवीन उघडत नाही. पाचवी वाट तेवढी वापरातून येते, ती म्हणजे गरम पाण्याची वाफ. भांडणाची खरी जागा हीच, कारण मालक पहिल्या चारही वाटांचा दोष या पाचवीवर ढकलू शकतो.

ढकलू शकतो, कारण बघणाऱ्याला दोन्हीकडे काळंच दिसतं. पण थोडं नीट पाहिलं तर फरक कळतो. झिरपणाऱ्या पाण्याचा डाग एका जागेपासून पसरतो, त्याची कड पिवळट तपकिरी असते, गिलाव्याला पोपडे धरतात, लोणा (पांढरट खार) फुटतो, आणि पाइप गळत असेल तर एप्रिल-मेच्या उन्हातही ती जागा हाताला गार लागते. वाफेची बुरशी पातळ थरासारखी पसरते, छताच्या कोपऱ्यांत आणि जिथं हवा फिरत नाही तिथं जास्त धरते, आणि पावसाळा सरला की तिचा जोर कमी होतो. शंका राहिलीच तर जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्यावा, भिंत वरून पुसून त्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि एक-दोन दिवसांनी बघावं. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीच्या हवेतली आहे. वरच्या मजल्याचा संशय असेल तर तिथल्या जाळीत रंगीत पाणी ओतायचं आणि खालचं छत बघत राहायचं. प्लंबर हे करतातच. एवढ्या साध्या तपासणीने निम्मी भांडणं मिटावीत. पण ती कुणी करत नाही, कारण उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तर काय, ही धास्ती दोन्हीकडे असते.

वाफेच्या बाबतीत तरी भाडेकरूच जबाबदार का? मला वाटतं, सरसकट नाही.

पेठांमधल्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या परड्यात असायची. वर कौल किंवा पत्रा, एका बाजूने उघडी, पाणी बंबात तापायचं आणि वाफ आभाळात जायची. अंघोळी आटोपल्या की तासाभरात जागा कोरडी. पुढे परडी बांधून काढली आणि बाथरूम घरात आलं, ते चांगलंच झालं, पहाटेच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांना बाहेर जावं लागत नाही. पण आत आणताना हवेचं काय करायचं याचा विचार पुष्कळ ठिकाणी राहून गेला. जिन्याखाली, सोप्याच्या कोपऱ्यात, दोन खोल्यांच्या मधल्या बोळात जिथं जागा मिळाली तिथं टाइल्स लावून बाथरूम केलं. शिवाजी विद्यापीठाच्या आसपास आणि शाहूपुरी-राजारामपुरीत विद्यार्थ्यांना देण्यासाठी एकेका बंगल्याचे सहा-सहा भाग पाडले गेले, तेव्हा प्रत्येकाला 'अटॅच बाथरूम' मिळालं. खिडकी मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. नव्या अपार्टमेंटमध्ये खिडकी असते, पण ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या पोकळीत उघडते. डक्टमध्ये सगळ्या मजल्यांचे पाइप असतात, कबुतरं असतात, कुणीतरी वरून टाकलेला कचरा असतो. बांधकामाच्या नियमांप्रमाणे बाथरूमला बाहेरची हवा किंवा पुरेसा डक्ट लागतो. नकाशात तो असतोच. नंतर त्याच डक्टवर कुणी पत्रा टाकला, कुणी खिडकीत जाळी मारून ती कायमची बंद केली, हे बघायला कुणी येत नाही.

अशा बाथरूममध्ये चार मुलींनी सकाळी गिझरच्या पाण्याने अंघोळ केली तर वाफ जाणार कुठं? 'दार उघडं ठेवा' म्हणजे ती वाफ त्याच मुली झोपतात त्या खोलीत सोडा. तिथं आधीच पावसाळ्यात न वाळणारे कपडे दोरीवर असतात, कारण बाल्कनी मालकाकडे आहे आणि गच्चीला कुलूप. मग कपाटाच्या मागची भिंतही काळी पडते आणि दोष पुन्हा मुलींवर. राहायला दिलेली जागा चार माणसांच्या रोजच्या अंघोळीने खराब होत असेल तर ती चार माणसांना राहायला देण्याजोगी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. अंघोळ करणं हा काही गैरवापर नव्हे.

माझ्या मते इथं वाटणी सोपी आहे. हवा जाण्याची सोय मालकाने करायची आणि ती वापरायची भाडेकरूने. खिडकी नसेल तिथं एक्झॉस्ट फॅन मालकाने बसवावा, आणि त्याचं तोंड डक्टमध्ये किंवा बाहेर काढावं, शेजारच्या खोलीत नव्हे. (हेही पाहिलंय.) फॅन असूनही विजेच्या बिलाला घाबरून तो कुणी लावत नसेल, खिडकीला पुठ्ठा ठोकला असेल, गळका नळ सांगितल्यावाचून महिनोन्‌महिने तसाच ठेवला असेल, तर तो खर्च भाडेकरूचा. त्यात कुणी रडगाणं गाऊ नये.

कायदा काय म्हणतो ते आता बघू. इथंच गोष्ट जास्त गुंतागुंतीची आणि माझ्या मते जास्त अन्यायाची होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम १४ भाडेकरूच्या बाजूने चांगलं स्पष्ट आहे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवायची, दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकाची. तो करत नसेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा एवढीच की वर्षाला अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. समजा भाडं महिना ७,००० आहे, म्हणजे वर्षाचे ८४,०००, तर २१,००० पर्यंत. एका बाथरूमच्या टाइल्सचे सांधे भरून घेणं, गळका पाइप बदलणं आणि फॅन बसवणं या रकमेत बसू शकतं. कायदा करणाऱ्यांनी व्यवहार पाहून लिहिलेलं कलम आहे.

अडचण अशी की कोल्हापुरात आज घर भाड्याने घेणारा बहुतेक माणूस या कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसतोच. त्याच्या हातात अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' असतो. तो लायसन्सी, म्हणजे परवानगीने राहणारा. कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं, लायसन्सीबद्दल बोलत नाही. लायसन्सीबद्दल हा कायदा मुख्यतः बोलतो तो कलम २४ मध्ये, आणि तिथं विषय आहे मुदत संपल्यावर घर रिकामं करून घेण्याचा. मुदतीनंतर राहिला तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल, असंही तिथंच लिहिलंय. म्हणजे घर खाली करून घ्यायची कायद्याला घाई आहे आणि खाली होईपर्यंत ते कोरडं ठेवायची मात्र कुणावर सक्ती नाही. भाडेकरू घर बळकावून बसतात या जुन्या भीतीतून हे आलं आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. पन्नास-पन्नास वर्षं शंभर रुपयांवर अडकलेल्या जागा याच पेठांत आहेत. पण त्या भीतीची किंमत आज अशा माणसाने का मोजायची, जो अकरा महिन्यांनी मुकाट्याने सामान उचलून जाणार आहे?

लायसन्सीच्या हातात अगदीच काही नाही असंही नाही. लायसन्स ही कल्पना ज्या १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमधून (दुसऱ्याच्या जागेच्या वापराच्या हक्कांचा कायदा) येते, त्याच्या कलम ५७ मध्ये परवानगी देणाऱ्याचं एक कर्तव्य सांगितलंय. जागेतला एखादा दोष राहणाऱ्याच्या शरीराला किंवा मालमत्तेला धोका करणारा असेल, तो मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. दिवाळीत भिंतीवर मारलेला तो डिस्टेंपरचा हात या कलमासमोर धरून बघा. दर पावसाळ्यात ओल येते हे माहीत असून, वरून रंग काढून, जानेवारीत नव्या माणसाला कोरडीठाक भिंत दाखवायची, याला लपवणं म्हणायचं नाही तर काय? बुरशी शरीराला धोका करते का, असा प्रश्न कुणी काढेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर त्रास जास्त होतात हे त्यांत नोंदवलंय. इतकी बुरशी चालेल आणि इतकी नाही अशी सुरक्षित मर्यादा आखता येत नाही, म्हणून मुळात ओलच होऊ देऊ नये, असं त्यांचं सांगणं आहे.

केंद्र सरकारने २०२१ साली एक आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला. तो नमुना आहे, राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच. तरी त्यातली कामांची यादी वाचण्यासारखी आहे. भिंती-स्लॅबसारखी मूळ बांधकामाची दुरुस्ती, रंगरंगोटी, पाइप बदलणं मालकाकडे, तर नळ, बेसिन, गिझर, मोरी साफ ठेवणं भाडेकरूकडे. राहायच्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असंही त्यात आहे. बुरशीचं नाव त्या यादीत नाही. पण रंग आणि पाइप ज्याच्याकडे, काळी भिंतही त्याच्याचकडे, हे ओळखायला वकील लागत नाही.

आणि वकील कोण करणार? गेल्या वर्षी, १८ ऑगस्ट २०२५ ला, कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. इथल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं लढा दिला आणि सहा जिल्ह्यांना ते जवळ आलं. पण वीस हजारांच्या डिपॉझिटसाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात नर्स असलेली एखादी मुलगी तालुक्याच्या कोर्टाचीही पायरी चढणार नाही. ती पैसे सोडून देते आणि दुसरी खोली बघते. मालकाला हे ठाऊक असतं. म्हणून पुराव्याचं ओझं मालकावर असावं असं मी म्हणतो. भिंतीच्या आत काय आहे हे त्याला माहीत, प्लंबर त्याचा, वरच्या मजल्याशी बोलायचा अधिकार त्याचा आणि डिपॉझिटही त्याच्याच खिशात. ज्याच्याकडे सगळं आहे त्यानेच दाखवायचं.

राहणीवर बोट ठेवण्याची ही खोड आपलीच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. आई-वडील सुदानहून आलेले, घर एका गृहसंस्थेचं भाड्याचं. बाथरूम आणि स्वयंपाकघरातल्या बुरशीबद्दल वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती, त्यांना वरून रंग मारा असं सांगण्यात आलं. हे लोक घरात ज्या पद्धतीने अंघोळ करतात त्यामुळे ओल येते, असं संस्थेने गृहीत धरलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की बुरशीच्या दीर्घ संपर्काने झालेल्या श्वसनाच्या आजाराने मूल दगावलं. राहणीबद्दलचं आपलं गृहीतक चुकीचं होतं हे संस्थेला जाहीरपणे मान्य करावं लागलं. त्या मुलाच्या नावाने तिथं कायदा झाला. सामाजिक गृहसंस्थांना तो ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल, ओल-बुरशीची गंभीर तक्रार आली तर कामाच्या १० दिवसांत तपासणी, आणि धोका आढळला तर पुढच्या कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं.

शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणारी परराज्यातली पोरं उचगावात एका खोलीत पाच-सहा जण राहतात, तेव्हा त्यांच्याबद्दल काय बोललं जातं ते आपण ऐकतोच. 'त्यांना सवयच नाही स्वच्छतेची.' फौंड्रीतून काळं होऊन आलेल्या माणसाने अंघोळीला दोन बादल्या जास्त घेतल्या तर ती अस्वच्छता म्हणायची का? ज्याची पत कमी त्याच्या राहणीत दोष दिसायला लागतो, आणि गळका पाइप सगळ्यांच्या सोयीने नजरेआड होतो.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. कोल्हापुरातला घरमालक म्हणजे कुणी बडी कंपनी नसते. निवृत्त शिक्षक असतो, नवऱ्यामागे घर सांभाळणाऱ्या काकी असतात, वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधं आणि घरफाळा भागतो. बाथरूम उकरून वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं म्हटलं तर कित्येक महिन्यांचं भाडं त्यात जातं. खोली तोवर रिकामी ठेवायची, ते वेगळंच. भाडेकरूही सगळे सरळ नसतात. सिंक तुंबवून ठेवणारे, जाता जाता नळ काढून नेणारे मीही पाहिलेत. पण काकींची अडचण खरी असली तरी ती भाडेकरूच्या छातीवर टाकून सुटत नाही. भिंतीतलं पाणी थांबवलं नाही तर सळई गंजते, स्लॅबचा गिलावा सुटतो, आणि आज पाइपावर जे वाचवलं ते उद्या स्लॅबवर जातं. भाडेकरू बदलत राहील, स्लॅब काकींचाच आहे. खर्च हप्त्याने करावा, उन्हाळ्यात करावा, भाडेकरूशी बोलून दोन महिने भाडं कमी घ्यावं आणि त्याच्याकडून काम करून घ्यावं. वाटा पुष्कळ आहेत. त्यासाठी हे काम आपलं आहे हे आधी मान्य करायला हवं. दुरुस्तीचा बोजा पडला तर भाडी वाढतील, असाही एक धाक घातला जातो. वाढोत थोडी. कोरड्या घराचं भाडं ओल्या घराहून जास्त असावं हे रास्तच आहे. आज दोन्हींचं सारखंच असतं.

अपार्टमेंटमध्ये तिसरा माणूस येतो, वरचा फ्लॅटधारक. छत आपलं गळतं पण गळणारी मोरी त्याची. अशा वेळी भाडेकरूने वर जाऊन भांडू नये आणि मालकाने त्याला 'तुम्हीच बघा बोलून' असं सांगून मोकळं होऊ नये. वरच्या मालकाशी खालच्या मालकाने बोलायचं, आणि बाहेरच्या भिंतीचा किंवा गच्चीचा प्रश्न असेल तर सोसायटीपुढे त्यानेच मांडायचा. सभेत बसायचा हक्क त्याचा आहे, भाडेकरूचा नाही.

पुराच्या पट्ट्यातली घरं हा वेगळाच मामला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. दिवसचे दिवस पाण्यात उभी राहिलेली विटांची भिंत पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात वाळत नाही, तिला महिने लागतात. सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइल पेंट असेल तर आणखी जास्त. अशी भिंत न वाळवता रंगवून भाड्याने दिली की बुरशी रंगाच्या मागून येते. इथं भाडेकरूच्या वापराचा प्रश्नच उद्भवत नाही. पूररेषेच्या आतलं घर दाखवताना पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर हाताने दाखवावं, एवढी साधी रीत आपल्याकडे पडायला हवी. लोक विचारतात, पण 'इथं काय येत नाही पाणी' हे उत्तर त्यांना फार लवकर मिळतं.

बरं, कायदा बदलेपर्यंत करायचं काय? करारात लिहायचं. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी मालकावर आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक वेगळं सिद्ध करत नाही. स्टॅम्पवर सही करून कपाटात ठेवणाऱ्या मालकांनी हे वाचून ठेवावं. नोंदणी आता ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठा घेतो. त्याच्याकडे छापील मजकूर असतो: 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सी यांनी स्वखर्चाने करावयाची असून जागा सुस्थितीत परत करावयाची आहे.' सगळी भांडणं या एका वाक्यातून निघतात, कारण किरकोळ म्हणजे किती ते त्यात नाही.

मी आमच्या करारात आता वेगळं लिहून घेतो. भिंत, छत, पाइप, वॉटरप्रूफिंग आणि हवेची सोय मालकाकडे. फॅन लावणं, जाळी साफ ठेवणं, फरशीवरचं पाणी ओढून काढणं राहणाऱ्याकडे. ओल दिसली की राहणाऱ्याने आठ दिवसांत फोटोसकट व्हॉट्सॲपवर कळवायचं, आणि मालकाने पंधरा दिवसांत प्लंबर आणून कारण शोधायचं. कळवलं नाही आणि नुकसान वाढलं तर वाढीव खर्चात राहणाऱ्याचा वाटा. कळवून मालक आला नाही तर त्या भिंतीसाठी डिपॉझिटमधून एक रुपया कापायचा नाही. घर ताब्यात देताना बाथरूमच्या छताचे, दारामागच्या भिंतीचे आणि बेसिनखालचे फोटो दोघांच्या फोनमध्ये राहतात.

एजंट पहिल्यांदा कुरकुरला, फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणाला. जादा अटींसाठी रकाना असतो, तो दाखवल्यावर बसलं.